मोसंबं, दोन डबे आणि चौदा मिनिटांची फिल्म

पहिल्या दिवशी काका तासभर बोलले आणि आवाज आलाच नाही.

रुकडीला त्यांच्या सोप्यात आम्ही तिघं बसलो होतो. कॉलर माइक त्यांच्या सदऱ्याला नीट लावला होता, पण रिसीव्हर चालू करायचा राहिला. रात्री घरी लॅपटॉपवर बघितलं तर काका हात उडवत, डोळे मोठे करत रंगात येऊन बोलताहेत आणि ऐकू येतोय तो नुसता छताचा पंखा. निवृत्त स्टेशन मास्तर. पोरवयात मीटरगेजच्या, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरच्या जुन्या गाडीत बसलेला, पुढं हयातभर रेल्वेत काढलेला माणूस. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी कोल्हापुरात शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात पहिल्या रेल्वेचा विषय चालला होता. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, आणि पुढं जोडलेली तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. फळ्यावर लिहून मी वळले तर मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. "बाई, आपली रेल्वे कोल्हापुरातच का संपते ओ?"

मिरजेहून कोल्हापूरपर्यंत फाटा काढला होता आणि पलीकडं सह्याद्रीचे घाट आहेत, असं उत्तर मी दिलं. उत्तर चूक नव्हतं. पण घरी जाताना स्टेशन रोडवरनं रिक्षा गेली तेव्हा मला वाटलं, या पोरानं जे विचारलं ते आपणही कधी नीट विचारलं नाही. माझे आजोबा याच स्टेशनच्या मालधक्क्यावर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, चढवायचे. मला लहानपणी त्यांच्या सदऱ्याला येणारा गुळाचा वास आठवतो, पण ते रवे कुठं जायचे, कसे जायचे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग माझे दोन जुने विद्यार्थी गाठले. एक जण लग्नाचं शूटिंग करतो, त्याच्याकडं कॅमेरा आणि लाइट आहेत. दुसरी एडिटिंग शिकून आली आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला ते हे गाव. इथं तुम्ही फिल्म करायची म्हणालात तर कुणी भुवया उंचावत नाही, उलट शेजारचा टेलरसुद्धा प्रकाश कुठून घ्यायचा ते सांगतो. तिघांचं ठरलं: १४-१५ मिनिटांची फिल्म, कोल्हापूरच्या रेल्वेवर, आणि हलकीफुलकी. शाळेतल्या पोरांनी बघताना हसलं पाहिजे.

हसू कुठून आणायचं, याचाच पुढं चार महिने शोध चालला.

पहिली संहिता मी लिहिली. संस्थानानं स्वतःच्या पैशानं बांधलेला कोल्हापूर-मिरज मार्ग. मे १८८८ मध्ये कामाचा शुभारंभ, १८९१ मध्ये गाडी सुरू. चालवायला सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडं दिलेला. रूळ मीटरगेज. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. १९७१ च्या सुमारास मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. अकरा पानं भरली. एडिटिंगवाल्या पोरीनं ती मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं. चोवीस मिनिटं झाली आणि त्यात एकदाही कुणी हसलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, यात माणूस कुठाय?"

खरं होतं तिचं. मी पुन्हा पहिल्या पानावर आले आणि १८८८ पाशी थांबले. त्या मे महिन्यात मिरज मार्गाच्या कामाचा शुभारंभ केला तो शाहू महाराजांनी. त्यांचा जन्म १८७४ चा. म्हणजे तेव्हा महाराजांना चौदावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं! दत्तक येऊन चार वर्षं झालेली, राज्याधिकार हाती यायला अजून सहा वर्षं अवकाश. आज ज्यांच्या नावानं स्टेशन ओळखलं जातं ते त्या दिवशी माझ्या आठवीतल्या पोरांएवढे होते. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागचा बाक एकदम सरळ बसला. तिथून फिल्मची सुरुवात ठरली: आठवीच्या पोरांची रांग, एकेकाचं वय, आणि शेवटी १८८८ साल.

गमतीच्या नावाखाली बनावट किस्से घालायचे नाहीत, हे मी पहिल्यापासून धरून होते. महाराज आणि रेल्वे यांच्याबद्दलचा एक फार बहारदार किस्सा आम्हाला तीन जणांनी तीन तऱ्हेनं सांगितला. एकात महाराज मिरजेला होते, एकात पुण्याला, एकात गाडीच वेगळी होती. कॅमेरावाला म्हणाला, "घालूया की, लोक उड्या मारतील." मी सोडून दिला. पोरं फिल्ममध्ये बघतात ते पुढं आयुष्यभर खरं म्हणून सांगतात. आणि खऱ्यातच इतकं सापडत होतं की खोट्याची गरज पडली नाही.

उदाहरणार्थ घड्याळाचं. त्या काळी गावोगावी सूर्यावरची आपापली वेळ असायची, पण रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. मी मुलांना घेऊन फळ्यावर हिशेब मांडला. कोल्हापूर साधारण सव्वा चौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर, मद्रास सव्वा ऐंशीवर. फरक ६ अंशांचा, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २४ मिनिटं. कोल्हापुरात सूर्य डोक्यावर येऊन बारा वाजायचे तेव्हा रेल्वेच्या घड्याळात बारा चोवीस झालेले असायचे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली आणि रेल्वेही तिच्यावर चालू लागली.

यावर आम्ही दीड मिनिटाचा प्रसंग केला. कॅमेरावाल्याचे मामा तालमीच्या गणपतीत नाटकात काम करतात. त्यांना धोतर, कोट, फेटा, एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात छत्री. ते अंगणात उन्हाकडं बघतात, "अजून लई टाइम हाय" म्हणून निवांत पान लावतात, चुना मळतात, सुपारी कातरतात आणि लांबून शिट्टी ऐकू येते. मामांनी पान तोंडाजवळ नेऊन जे थांबवलं ना, ते मी एडिटिंगमध्ये पन्नासदा बघितलं असेल, तरी दरवेळी हसू आलं. प्रसंगाच्या आधी आवाजात आम्ही "समजा" हा शब्द ठेवला आहे. कुणाची गाडी अशी चुकली याची नोंद आमच्याकडं नव्हती, म्हणून "समजा".

मिरजेचे तीन गेज दाखवायचे होते. मिरजेत एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरचं मीटरगेज पहिल्यापासूनच. मग १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडी-पंढरपूरकडून मिरजेपर्यंत आली, आणि नंतर ब्रॉडगेज. आता सगळं ब्रॉडगेज आहे, दाखवायला काही उरलेलं नाही. शाळेच्या मैदानावर आम्ही टेप धरून रांगोळीनं तीन जोड्या आखल्या: १६७६ मिलिमीटर, १००० आणि ७६२. नुसत्या रेषांनी पोरांना काही कळेना. तेव्हा वर्गातला सगळ्यात उंच पोरगा ब्रॉडगेजमध्ये आडवा झोपला, डोक्यापासून पायापर्यंत जवळपास बरोबर बसला. मीटरगेजमध्ये बालवाडीतली एक चिमुरडी. नॅरोगेजसाठी आमच्या चित्रकलेच्या बाईंचं नुकतं चालायला लागलेलं बाळ आणलं. ते एक सेकंदही आडवं राहिलं नाही, रांगोळी पुसत पंढरपूरच्या दिशेनं रांगत निघालं. एडिटिंगवाली ओरडली, "कट करू नको, कट करू नको!" तो शॉट जसाच्या तसा फिल्ममध्ये आहे. मागं टाळांचा आवाज घातला.

गेज वेगळा म्हणजे नेमकं काय, हे मला आजोबांच्या गुळामुळं कळलं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये स्टेशनच्या अंगाला शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथं वाढला, आणि रवे गाडीनं बाहेर जाऊ लागले. पण मीटरगेज पुण्याला संपायचं. पुण्याहून मुंबईकडं ब्रॉडगेज. म्हणजे मुंबईला जाणारा प्रत्येक रवा पुण्यात एका गाडीतून उतरून दुसरीत चढायचा, हमालाच्या पाठीवरनं. आजोबा पावसाळ्यात का चिडचिड करायचे ते आता उमगलं. गूळ ओल धरतो, पाघळतो, पोत्याला चिकटतो. इथं नीट रचला नाही तर पुण्यात उतरवताना त्याचा आकार राहायचा नाही. माझ्या चुलत्यांनी सांगितलं, "आबा म्हणायचे, रवा लेकरागत ठेवायचा." हे वाक्य आम्ही फिल्ममध्ये घेतलं, चुलत्यांच्याच तोंडून.

परवानगीची गोष्ट थोडक्यात. स्टेशनात शूटिंगला रीतसर परवानगी लागते. एका कार्यालयातनं दुसऱ्यात, अर्जाची प्रत, पुन्हा अर्ज, असे दोन महिने गेले. मिळाली ती सकाळच्या दोन तासांची, फक्त प्लॅटफॉर्मवरून, रुळांत उतरायचं नाही. ती अट योग्यच होती. आम्हाला हवा होता तो एकच शॉट, रूळ जिथं संपतात तो. गोंदियाहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याचं एक टोक सोडून १३०० किलोमीटरांहून जास्त धावत येते आणि इथं येऊन थांबते, पुढं रूळ नाहीत. हमाल, चहावाले, उतरणारी माणसं, अंबाबाईला आलेली कुटुंबं. सगळे उतरतात, कारण शेवटच आहे. गाडीत कुणी झोपून राहिलं तर त्याला उठवायला माणूस येतो. ते उठवणं आम्हाला टिपता आलं: एक आजी, डोक्यावर पदर, "आलं व्हय कोल्हापूर?" असं विचारत उठल्या. त्यांची परवानगी नंतर घेतली. त्या म्हणाल्या, "घे की, पण केस नीट नव्हतं माझं."

सगळ्यात जास्त वाद झाला तो वळिवड्यावरून. कोल्हापूरजवळचं हे छोटं स्टेशन. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, इथं पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं १९४० च्या सुमारास त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडं नेलेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली आणि शेवटी कोल्हापूर संस्थानात. शाळा, चर्च, बाजार, सगळं वसलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना बघितलेलं आहे. त्या छावणीत वाढलेली पोलिश मंडळी म्हातारपणी वळिवडं बघायला आली, महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

हसऱ्या फिल्ममध्ये हे घालायचं का? कॅमेरावाल्याचं म्हणणं, सूर बिघडेल. माझं म्हणणं, रेल्वेचा इतिहास सांगताना वळिवडं वगळलं तर मी बाई म्हणून पोरांसमोर उभी राहू शकणार नाही. ज्या मुलांना आधी गाडीत कोंबून घरापासून तोडलं, त्यांनाच गाडीनं एका सुरक्षित जागी आणून सोडलं, आणि ती जागा आपल्या गावाच्या वेशीवर आहे. शेवटी एडिटिंगवालीनं मार्ग काढला. त्या भागात निवेदन नाही, संगीत नाही, विनोद नाही. चाळीस सेकंद फक्त खिडकीतून दिसणारं वळिवडं, उसाचे फड, आणि रुळांच्या सांध्यांवरचा ठेका. पडद्यावर तीन ओळी. ते संपलं की लगेच मामांचं पान येत नाही, मध्ये आम्ही काकांना ठेवलं.

तर काका. आवाज न आलेल्या त्या दिवसानंतर आम्ही आठवड्यानं पुन्हा रुकडीला गेलो. मी हात जोडून सांगितलं की चूक आमची. ते म्हणाले, "असूद्या ओ बाई, गाडी लेट झाली म्हणून रद्द हुती व्हय?" पण त्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार बसले होते. कॅमेरा लावला आणि काकांची भाषाच बदलली. "सदर विभागात एकेरी मार्ग असल्याकारणाने..." पाठ केल्यासारखं. आठवड्यापूर्वीचा माणूस कुठं गेला कळेना. मी दोनदा प्रश्न बदलून विचारला, तिसऱ्यांदा गप्प बसले.

तेवढ्यात आतून त्यांची नात आली, चौथीतली. तिनं विचारलं, "आजोबा, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मग?"

काका कॅमेरा विसरले. "येतच न्हाईत. थांब." आत जाऊन स्वयंपाकघरातनं दोन पितळी डबे आणि एक मोसंबं घेऊन आले. एक डबा स्वतःपुढं, दुसरा नातीपुढं. "ह्ये रुकडी. त्ये हातकणंगले. मधी एकच रूळ. ह्यो गोळा." जुन्या पद्धतीत प्रत्येक स्टेशनात एक यंत्र असायचं, आत लोखंडी गोळे. दोन स्टेशनांतली यंत्रं तारेनं जोडलेली. पुढच्या मास्तरनं घंटी वाजवून संमती दिली की मगच या यंत्रातनं एक गोळा बाहेर पडायचा, आणि तो बाहेर पडला की दोन्हीकडची यंत्रं बंद. दुसरा गोळा कुठूनच निघायचा नाही. तो गोळा चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हातात. गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. पुढच्या स्टेशनात त्यानं तो दिला, यंत्रात टाकला, की मार्ग पुन्हा मोकळा.

"आता तू मला गाडी सोड," काका नातीला म्हणाले. तिनं डब्याचं झाकण उघडायला हात घातला. काकांनी तिचा हात धरला. "न्हाई उघडायचं! मोसंबं कुठाय?" "तुमच्याकडं." "मग तुझा डबा बंद." तिनं सगळा जोर लावला, काका डबा दाबून धरलेले, दोघं हसून हसून लाल. मग कडं घ्यायचं राहिलं म्हणून काकींच्या हातातली चाळण घेतली. काका प्लॅटफॉर्मवर उभे, म्हणजे सोप्याच्या पायरीवर, चाळण उंच धरलेली, आणि नात अंगणातून पळत येऊन तिच्यात हात घालून ती उचलून नेते. गाडी न थांबता जायची असली तर असंच द्यायचे. काकांनी दंडाच्या आतली बाजू दाखवली. वेगातल्या गाडीवरून येणारं कडं रोज झेलल्यावर तिथं काळंनिळं व्हायचं. ते बोलत होते आणि बोटं आपोआप वळत होती, जणू कडं अजून हातात आहे.

या वेळी रिसीव्हर चालू होता. मी तीनदा बघितलं होतं.

हा भाग एकूण अकरा मिनिटं चालला. फिल्ममध्ये साडेतीन मिनिटं घेतला आणि त्यासाठी माझ्या संहितेतली सहा पानं गेली. मद्रास अँड सदर्न मराठा गेली, अधिकाऱ्यांची नावं गेली. मला त्याचं वाईट वाटलं, हेही खरं. एका मिनिटात बोलण्याचे शंभर-सव्वाशे शब्द बसतात, चौदा मिनिटांत वर्गातला एक तासही मावत नाही.

आवाज कुणाचा द्यायचा यावर दोन दिवस गेले. आधी आकाशवाणीसारखा, शुद्ध. ऐकल्यावर काका आणि निवेदन दोन वेगळ्या गावचे वाटले. मग कॅमेरावाल्या पोरानंच बोलून बघितलं, त्याच्या रोजच्या बोलीत. "तर मंडळी, अठराशे एक्क्याण्णव. गाडी आली." बास, तोच ठेवला. रेकॉर्डिंग माझ्या कपड्याच्या कपाटात डोकं घालून केलं, साड्यांमुळं आवाज घुमत नाही.

पहिल्यांदा फिल्म दाखवली ती तालमीच्या हॉलमध्ये, भिंतीवर पांढरी चादर लावून. माझा आठवीचा वर्ग, काका-काकी, मामा, चुलते, आणि चादर बघून आत आलेली पेठेतली माणसं. पोरं मामांच्या पानाला हसली, बाळाला तर शिट्ट्या पडल्या. वळिवड्याला हॉल गप्प झाला, मला तीच भीती होती आणि तेच हवंही होतं. गोळ्याचा भाग सुरू झाला तेव्हा मागच्या बाकावरचा तो पोरगा उठून पुढं येऊन जमिनीवर बसला. नात ओरडली, "आता मी हरते बघा!"

संपल्यावर एक म्हातारे हमाल उठून माझ्याकडं आले. शाहूपुरीत उभं आयुष्य काढलेले. म्हणाले, "ताई, चांगलं केलंय. पर फिल्ममदी त्यो पोरगा रवा पोटाशी धरून नेतोय न्हवं, तसा न्हाई नेत. पाठीवर पोतं, त्यावर रवा, आणि हात असा मागं." त्यांनी वाकून दाखवलं. ऐंशीच्या पुढचं वय, पण पाठ बरोबर त्या कोनात गेली आणि हात बरोबर तिथं. माझे आजोबा असेच वाकत असणार.

तो शॉट पुन्हा घ्यायचा आहे. रविवारी सकाळी सौद्याच्या आधी मार्केट यार्डात जायचं ठरलंय. ते बाबा येणार आहेत, पोतं स्वतःचं आणतो म्हणालेत.